काकांची नागीण

आमच्या परळच्या चाळीत कोपऱ्याच्या खोलीतले काका प्रत्येक गोष्टीला "पुरावा काय?" म्हणून विचारतात. पाणी गेलं तरी, कोणी वारलं तरी.

गेल्या वर्षी त्यांच्या कमरेवर फोडांचा पट्टा उठला. समोरच्या मावशी म्हणाल्या, "नागीण आहे. तिचं तोंड शेपटीला लागलं की माणूस संपला."

"पुरावा काय?" काका म्हणाले, पण तोंड कुठवर आलंय ते आरशात वाकून वाकून बघू लागले. शेवटी मीच त्यांना डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना? तो विषाणू तेव्हापासून तुमच्या नसांच्या मुळाशी लपलाय. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला दाबून ठेवतात. वय झालं की त्यांचा पहारा ढिला पडतो."

"म्हणजे इतकी वर्षं हा माझ्याच घरात, आणि मला पत्ता नाय?" काका भडकले.

"आणि फोड सुकेपर्यंत तान्ह्या बाळाजवळ जाऊ नका. त्याला कांजिण्या होतील."

याला मात्र त्यांनी पुरावा मागितला नाही. शेजारची तान्ही छकुली रोज त्यांच्याच मांडीवर खेळायची. आता ते गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून तिच्यासाठी मांजराचे आवाज काढू लागले.

खपल्या पडल्या, तरी नसेची आग राहिली. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली त्या संध्याकाळी काकांनी छकुलीला मांडीवर घेतलं आणि तिने नेमकी तिथेच लाथ हाणली. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"काका, लागलं का हो?" तिची आई घाबरली.

"नाय गो," काका ओठ चावत म्हणाले, "तब्येत मस्त सुधारलीय पोरीची."