पुसू नये

मीनल गेल्याचं मला शाळेच्या ग्रुपवर कळलं. डेंग्यूचं निमित्त झालं, चार दिवसांत सगळं संपलं. निरोपाखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती आणि त्या रांगेतच मुख्याध्यापकांनी विचारलं होतं, 'शिष्यवृत्तीच्या साइटचा ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो?' कुणीतरी लगेच उत्तर दिलं होतं, 'मॅडमच्याच.'

मी त्या शाळेत ग्रंथपाल आहे. मीनल तरे आमच्याकडे, डोंबिवलीत, अकरा वर्षं कॉम्प्युटर शिकवत होती; निदान तिच्या नेमणूकपत्रात तसं लिहिलेलं होतं. बाळकुमच्या कोळ्यांची मुलगी, घरातली पहिली पदवीधर, आवाज खणखणीत. याच वर्षी एकदा वीज गेलेली असताना तिचा नववीचा तास मी दारातून पाहिला. एका मुलाला खुर्चीवर बसवून ती म्हणाली, "तू कॉम्प्युटर. मनात शंभरच्या आतला आकडा धर. हे विचारतील, तू फक्त मोठा की लहान तेवढं सांगायचं." मुलगा बराच वेळ गप्प. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हा हँग झालाय." "हँग नाही गं, डबा खाऊन आलाय," मीनल म्हणाली. सहाव्या प्रश्नाला आकडा सापडला. मग तिने विचारलं, एकपासून ओळीने विचारत गेला असतात तर? वर्ग एकदम शांत झाला... मुलं विचार करत होती. आमच्या शाळेत ही शांतता मी फारशी ऐकलेली नाही.

हाच खेळ मुलांनी स्वतः लिहावा, मशीनवर चालवून पाहावा, एवढंच तिला हवं होतं. वर्षातून एक प्रोग्राम, स्वतःचा आणि पूर्ण. अकरा वर्षांत एकाही वर्गाचा तो पूर्ण झाला नाही. आधारची जुळणी, बोर्डाचे अर्ज, मुख्याध्यापकांच्या मेहुण्याचं रेल्वेचं तिकीट, सगळं तिच्याकडे. तास रंगात आला की शिपाई दारात उभा, "मॅडम, ऑफिसात बोलावलंय." ती फळ्याच्या कोपऱ्यात 'पुसू नये' असं लिहून जायची. परत येईपर्यंत घंटा झालेली असायची. "सर, मी शिक्षिका आहे की सायबर कॅफे?" तिने एकदा मला विचारलं. मी हसलो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

तिच्या शेवटच्या तासाला मात्र शिपाई गेला नव्हता. मी गेलो होतो. माझ्या निवृत्तीच्या कागदांसाठी ऑनलाइन अर्ज भरायचा होता, शेवटची तारीख होती. मला दारात पाहून ती म्हणाली, "सर, दहा मिनिटं द्या ना. आज यांचं चालणार बघा." "साइट मध्येच बंद पडते गं," मी म्हणालो. हे मी नुसतं ऐकलेलं होतं. तिने खडू ठेवला. अर्ज भरताना ती सारखी चष्मा काढून डोळे चोळत होती, अंगात कसकस असावी... मी विचारलं नाही. अर्ज तिने बिनचूक भरला. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापक मला घेऊन बाळकुमला तिच्या घरी भेटायला गेले. टॉवरांच्या मागे तिचं बैठं घर. आई भिंतीला टेकून बसली होती. दोन मिनिटं गेल्यावर मुख्याध्यापकांनी शाळेत कारकुनाला फोन लावला आणि हळूच म्हणाले, "पाठव." आतल्या खोलीत मीनलचा फोन वाजला. "मावशी, त्यात एक आकडा आला असेल. जरा वाचता?" म्हातारीने फोन आणून, एकेका अंकावर बोट ठेवत आकडा वाचला. कागदावर तो उतरवून घेतला मी. आम्ही उठलो तेव्हा ती म्हणाली, "आजून लागंल का? चार्जिंगला लावून ठेवते."

"ठेवा," मुख्याध्यापक म्हणाले.

शोकसभेत ते तिच्याबद्दल भरभरून बोलले. साइटवरचा तिचा नंबर अजून बदललेला नाही. कॉम्प्युटरच्या खोलीत आता तास होत नाहीत, फक्त अर्ज भरले जातात. फळ्यावर तिचं अक्षर तसंच आहे. 'आकडा मोठा असेल तर' इथे ओळ थांबते, आणि कोपऱ्यात ते दोन शब्द.

परवा ती मागच्या बाकावरची मुलगी वाचनालयात आली. "सर, मॅडमनी पुढची ओळ कुठे लिहून ठेवलीय का?"

"नाही गं."

"मॅडम म्हणालेल्या," ती म्हणाली, "सरांचं काम करून लगेच येते."