विहीणबाई आणि पिकअपचं तेल

मुलीच्या सासूबाई तिला बाळंतपणासाठी सोडायला सोनाळ्याला आल्या, तेव्हा मी घर झाडूनपुसून ठेवलं होतं आणि जिभेलाही लगाम घातला होता. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी आम्हा दोघींचं बोलणं ‘बरं आहे ना’च्या पुढे गेलं नव्हतं. त्या मला ‘मॅडम’ म्हणत. मी शाळेत शिकवते हे खरं, पण विहिणीनं विहिणीला मॅडम म्हणावं यात मला टोमणा वाटे. त्या मुलाच्या आई, त्यांचा मान मोठा. मी ऐकून घेई.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं त्या नांदुऱ्याला परत जाणार होत्या. माझ्यापुढे मात्र पिकअपचं काम होतं.

आमचा संत्र्याचा बगीचा नाल्यापलीकडे, डोंगराच्या अंगाला आहे. पावसाळ्यात तिथं साधी गाडी रुतते, म्हणून चारही चाकांना जोर देणारी जुनी पिकअप घेतलेली. ह्यांना गाडीची भीती वाटते, त्यामुळे ती मीच चालवते. यंदा नाल्यात दोनतीनदा पाणी चाकांच्या निम्म्यापर्यंत आलं होतं आणि तेव्हापासून मागच्या बाजूनं घरघर ऐकू येई. डिफरन्शियलचं, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या लोखंडी गोळ्यात गिअर असतात त्यांचं तेल बदलायला हवं होतं. गॅरेजवाला गाडी चार दिवस ठेवून घेतो, आणि संत्र्याची तोड सोमवारी. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला आणि ठरवलं, रविवारी सकाळी पाहुण्या उठायच्या आत आपणच उरकू.

तेल गरम व्हावं म्हणून गावाबाहेर एक चक्कर मारून आले. चाकांना दगड लावले, खाली पोतं अंथरलं, घमेलं सरकवलं आणि खालच्या बुचाला पाना लावला. तेवढ्यात चाकाजवळ जोडवी घातलेले दोन पाय दिसले.

“मॅडम, खालचं बूच खोलू नका अजून. पयले वरचं खोलून पाहा.”

मी गाडीखालूनच विचारलं, का?

“वरचं खुललंच नाही, तं नवं तेल कुठून भरसान? जुनं सांडून बसलं का गाडी अंगणातच उभी राह्यते.”

वरचं बूच खरंच जाम होतं. मी जोर लावला तर पाना सटकून माझी बोटं सोलली. विहीणबाईंनी ह्यांचा एखादा जुना शर्ट मागितला. शेतात जाताना बाया घालतात तसा तो लुगड्यावर चढवला आणि माझ्या शेजारी गाडीखाली सरकल्या. मी नको नको म्हणत राहिले. मुलाच्या आईला गाडीखाली झोपवलं हे शेजारी पाहतील, या विचारानंच मला घाम फुटला. त्यांनी मात्र हातोडी आणि पाइपाचा तुकडा मागवला. ह्यांनी दोन्ही आणून दिलं, ओट्यावर जरा अवघडून उभे राहिले, मग चहा ठेवायला आत गेले.

त्यांनी बुचाभोवती हलके ठोके दिले, पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला, मला पाना दाबून धरायला सांगितला आणि पाइप ओढला. कट् असा आवाज झाला आणि बूच फिरलं.

मग खालचं उघडलं. मला वाटलं होतं काळं तेल येईल. आलं ते दूध जास्त झालेल्या चहासारखं. त्यांनी ते बोटांवर चोळून पाहिलं आणि आत पाणी गेल्याचं सांगितलं. गोळ्याच्या वर हवा जाण्यायेण्याची एक बारीक नळी असते, ती चिखलानं बुजली होती. सायकलच्या तारेनं त्यांनी ती मोकळी केली.

तेल ठिबकायला वेळ लागतो. आम्ही दोघी पोत्यावर तशाच पडून राहिलो. नांदुऱ्याला सून म्हणून आल्या तेव्हा सासऱ्यांचं गॅरेज घराच्या पुढच्याच खोलीत होतं, असं त्या सांगू लागल्या. पोरं पाळण्यात टाकून त्यांनी डिझेलमध्ये पार्ट धुतले होते. आजही गाडी दारात आली की आवाजावरून काय बिघडलंय ते त्या चुलीजवळून सांगतात. मी म्हटलं, दोन वर्षांत हे कधी बोलला नाहीत.

त्या गोळ्याकडे पाहत म्हणाल्या, “मी सातवी शिकलेली. मास्तरणीच्या घरी आपण काई बोलाव अन् ते चुकाव. म्हनून गप बसो. मॅडम म्हटलं म्हंजे चुकत नाही.”

मला फार लाज वाटली. मी त्यांना गर्विष्ठ समजत होते, हे सांगून टाकलं. त्या इतक्या हसल्या की त्यांचं डोकं वरच्या लोखंडावर आपटलं.

नवं तेल ह्यांनी वरून नरसाळ्यातून ओतलं. नरसाळ्याला जोडलेल्या नळीचं टोक मी भोकात धरून बसले होते. तेल काठोकाठ येऊन बाहेर सांडायला लागलं तेव्हा विहीणबाईंनी बूच लावायला सांगितलं. पुढच्या चाकांमधल्या गोळ्याचंही तसंच केलं. तेवढ्यात मुलगी पोट सांभाळत ओट्यावर आली. आम्हा दोघींचे काळे हात पाहून खालीच बसली आणि सासूला विचारू लागली की हे काय चाललंय.

“काई नाही. तुह्या मायच्या गाडीतलं पाणी काढून राह्यलो.”

दुपारची बस निघून गेली, विहीणबाई राहिल्याच. जेवणं झाल्यावर आम्ही दोघी बगीच्यात गेलो. वाटेत त्यांनी खिडकी उघडी ठेवून कान दिला. घरघर बरीचशी गेली होती. पाणी शिरलेल्या गोळ्यात पहिलं तेल धुण्यापुरतंच असतं, पंधरा दिवसांनी परत बदला, असं त्यांनी बजावलं.

बगीच्यात त्यांनी गाडीत बसूनच संत्रं सोललं आणि झाडांच्या रांगांमधल्या मोकळ्या जागेकडे बघत म्हणाल्या की उभ्या जन्मात गाड्याच पाहिल्या, पण चालवायला कोणी दिली नाही. मी उतरले आणि त्यांना माझ्या जागेवर बसवलं. पहिल्यांदा गाडी गचका देऊन बंद पडली, दुसऱ्यांदाही पडली. तिसऱ्यांदा पहिल्या गिअरवर, बैलगाडीच्या चालीनं, ती रांगेच्या शेवटापर्यंत गेली. मी बाजूला बसून संत्र्याच्या फोडी त्यांच्या तोंडात घालत होते, कारण त्या स्टिअरिंगवरून हात काढायला तयार नव्हत्या.