हिंचक्यावरची पगारी रजा

गोत्रीतल्या आमच्या सोसायटीत फाटकाजवळ एक हिंचका, म्हणजे बसायचा मोठा झोपाळा आहे. रोज सकाळी मी लेकीला स्कूलव्हॅनमध्ये बसवायला उतरते, तेव्हा पांढऱ्या सदऱ्यातले एक काका मांडीवर नातू घेऊन त्यावर बसलेले असतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, आता विचारायची इच्छाही नाही. बोट नाचवत बोलायचं आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी गुजराती वळणाने "बरोबर ने?" म्हणून शेजाऱ्यांच्या माना हलवून घ्यायच्या, ही त्यांची सवय.

त्या दिवशी विषय बाळंतपणाच्या रजेचा होता. "बापालाही सहा महिने पगारी रजा हवी! मूल काय एकट्या आईचं असतं? बरोबर ने?" काका कडाडले. माना हलल्या. माझीसुद्धा हलली.

तेवढ्यात नातवाने शी केली. काकांनी त्याला हातभर लांब धरलं आणि वर बघून हाक मारली, "सूनबाई, खाली ये गं!"

ती धावत आली. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हाताला कणीक. पोराला उचलून तशीच जिना चढली. तिचा नवरा गॅलरीत चहा पीत उभा होता.

माझं डोकंच सणकलं. "काका, मुलगा आहे की वर. त्याला का नाही बोलावलंत?"

"अगं, आधी कायदा तर होऊ दे!" ते हसून म्हणाले. मग पायाने झोका घेत शेजाऱ्यांकडे वळले, "हं, तर आपण कुठे होतो?"

"होतात तिथेच आहात," मी म्हणाले. "बरोबर ने?"

एकाचीही मान हलली नाही.