गुणाजी मेस्त्रींच्या तीन वह्या

गिरणी कामगारांत गाजलेल्या पाच नाटकांचा लेखक नक्की कोण, यावर १९८६ साली भांडुपच्या वाचनालयात चर्चासत्र भरलं. रुक्मिणीबाई मेस्त्री मुलीला, सुलक्षणाला, घेऊन दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. नाटकं त्यांच्या नवऱ्याची, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणाऱ्या गुणाजींची. त्यांना जाऊन तीन वर्षं झालेली. आता पाचांचं मिळून पुस्तक निघणार होतं. त्यावर गुणाजींचं नाव यावं, एवढ्यासाठीच त्या पिशवीतून तीन वह्या घेऊन आल्या होत्या.

पुस्तकाचे संपादक, प्राध्यापक अंबादास निरगुडे यांनी जुन्या हँडबिलांवरची नावं फळ्यावर लिहिली. जी. डी. मेस्त्री. गुणाजी मिस्त्री. गुणवंत मंत्री. छापखान्यात ज्याने निरोप नेला, त्याच्या तोंडी येईल ते नाव छापून यायचं. गुणाजी हसून म्हणायचे, "नाटक माझाच मा? मगे झाला." आता शेवटच्या नावाचे एक हेडमास्तर गिरगावात सापडले होते. तेही वारलेले, पण बी. ए.

"ही भाषा गिरणीत साचे चालवणाऱ्याची नव्हे," निरगुडे म्हणाले.

रुक्मिणीबाईंनी उठून वह्या टेबलावर ठेवल्या. निरगुड्यांनी अधाशासारखी पानं उलटली.

"अक्षर गुणाजींचं?"

"नाय, माझा."

पहिली पाळी करून आले, की गुणाजी जेवता जेवता सगळी पात्रं बोलून दाखवत. चौथी शिकलेल्या रुक्मिणीबाई पोळपाट सारून लिहून घेत. गुणाजींना स्वतःला लिहिणं सहीपुरतंच येई. हे सगळं त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, तेव्हा कुठे आपण काय करून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं.

सुलक्षणाने पदर ओढला. "आये, सांग ना, मीच लिहिलं म्हणून. बसतील गप."

निरगुडेही पुढे झुकले. "तसं असेल तर बोला, बाई. पहिली कामगार स्त्री नाटककार! आम्हाला आनंदच होईल."

"हात माझो," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "तोंड तेंचा. मी कित्याक खोटा सांगू?"

निरगुड्यांनी मंत्रींच्या नावाखाली रेघ ओढली.

"मगे वह्यो माका परत देवा."

"आता त्या वाचनालयाच्या संग्रहात जमा, बाई."

वर्षभराने पुस्तक टपालाने घरी आलं. वर मंत्रींचं नाव. आत आभार होते: 'श्रीमती मेस्त्री, सुवाच्य हस्ताक्षराबद्दल.'

रुक्मिणीबाईंनी ते दोनदा वाचलं, मग पुस्तक पुन्हा त्याच कागदात गुंडाळलं.

"परत धाड," त्या सुलक्षणाला म्हणाल्या. "चुकीच्या घरात इला."