टाकी कायम रिकामी

वर्षालीला एका जागी स्वस्थ बसणं जमलंच नाही कधी. भातकुलीजवळच्या मळ्यात तिचे वडील शेषराव झेंडू लावायचे आणि ही मोटारीच्या पेटीत नाक खुपसून असायची. अमरावतीला डिप्लोमाला गेल्यावर तिनं प्रकल्पही घरचाच घेतला: टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारं यंत्र. सी भाषेत प्रोग्राम लिहिला, खोलीवर बादलीत तपासला. पाणी चढलं तसे पडद्यावर आकडे चढले. मोटार जोडून पाहण्याइतका धीर कुठला! रविवारी यंत्र मळ्यात बसवलं आणि सोमवारी सकाळच्या बसनं ती परतलीही.

दुपारी शेषरावांचा फोन आला.

"टाकी ओसंडून राहिली वं! झेंडूच्या वाफ्यात पाणीच पाणी."

"बाबा, पहिले मोटार बंद करा!"

"केली न हातानं. मंग हे डबडं काहून लावलं?"

खोलीवर उरलेला दुसरा संच तिनं बादलीत लावला. तारा, सेन्सर, पुन्हा तारा. खोलीत नुसत्या येरझारा. शेवटी खोलीतली मैत्रीण दीक्षा वैतागली. "बस न जरा! आकडा तू फंक्शनच्या आतूनच पडद्यावर छापून राहिली. बाहेर आल्यावर छापून पाह्य."

छापला. आत ऐंशी टक्के, बाहेर शून्य.

वर्षालीनं कपाळावर हात मारला. पाणी मोजणाऱ्या तुकड्याला, म्हणजे फंक्शनला, तिनं पातळीचा आकडा ठेवायचं व्हेरिएबल दिलं होतं, पण सी भाषेनं आत पाठवली ती त्याची नक्कल. फंक्शन नकलेवर ऐंशी लिहायचं, काम संपलं की नक्कल नाहीशी. मुख्य प्रोग्रामकडं मूळचं शून्य तसंच. त्याच्या लेखी टाकी कायम रिकामी. आत पाठवायला हवा होता मूळ जागेचा पत्ता, म्हणजे पॉइंटर. तिनं फंक्शनला बोलावताना व्हेरिएबलच्या नावाआधी & ही पत्त्याची खूण लावली, फंक्शनमध्ये * लावून त्या पत्त्यावरच आकडा लिहायला सांगितलं, आणि लॅपटॉप पिशवीत कोंबून बस गाठली.

मळ्यात अर्धा वाफा आडवा झाला होता. शेषराव उरलेल्या रोपांना मातीचा आधार देत होते. नवा प्रोग्राम घालून तिनं मोटार सुरू केली. शेषराव बटणावर हात ठेवूनच उभे. पाणी काठाशी आलं आणि मोटार खट्‌कन थांबली.

"आता बसशीन का घडीभर?" ते म्हणाले.

पण ती वाफ्यातला चिखल उपसायला केव्हाच वाकली होती.