वीज गेली आणि बाळ झोपूनच राहिलं

ज्या गोष्टीबद्दल आपल्याला कधी शंकाच आली नाही, तिच्यावर आपला विश्वास होता असं म्हणता येईल का? हा प्रश्न मला भिवंडीतल्या एका दुपारी पडला आणि अजून पुरता सुटलेला नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धामणकर नाक्याजवळ एका यंत्रमागाच्या कारखान्यामागे आमची खोली होती. शुक्रवारची सुट्टी सोडली तर भिंतीपलीकडे दिवसरात्र खडखडाट. नव्या माणसाचं डोकं उठायचं, पण गल्लीतली तान्ही मुलं त्याच आवाजात गाढ झोपायची. उलट वीज जाऊन लूम थांबले की सगळी एकदम जागी होऊन भोकाड पसरायची. यांना अंगाई नको, लूमच हवेत, असं म्हणून आम्ही बायका हसायचो.

माझा मुलगा तेवढा उठायचा नाही. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, वज्रेश्वरीला नवस बोलून झालेला. देवीचं देणं आहे, शांतच असणार, असं मी सगळ्यांना कौतुकानं सांगायचे. शेजारणींना हेवाही वाटायचा.

त्या दुपारी एक अनोळखी बाई दारात पाणी मागायला थांबली. अंजूरहून आली होती, बहिणीचं घर शोधत. तिचं पाणी पिऊन होतंय तोच वीज गेली आणि गल्लीभर रडारड सुरू झाली. तिनं पाळण्यात डोकावून पाहिलं.

"काय गो बाय, यो न्हाय उठला?"

"गुणी आहे माझा," मी म्हटलं.

तिनं रिकामा तांब्या पाळण्याशेजारी फरशीवर दाणकन आपटला. मी दचकले. बाळाची पापणीही हलली नाही.

"गुणी हाय गो, पन डाक्तरला दाखव," म्हणाली आणि गेली. नाव विचारायचंही मला भान राहिलं नाही.

मी दाखवायला तयार नव्हते. दाखवणं म्हणजे देवीवर संशय घेणं, असं वाटायचं. यजमान फारसे देवदेव करणारे नव्हते. ते म्हणाले, "अगं, तिनं दिलेलं पोर नीट बघितलं, तर ती कशाला रागावेल?" शेवटी मी बाळाला घेऊन त्यांच्याबरोबर निघाले.

मुंबईच्या रुग्णालयात तपासण्या झाल्या. बाळाला जेमतेम ऐकू येत होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मूल बोलत नाही म्हणून लोक तीन-चार वर्षांनी आणतात. तुम्ही वेळेत आलात. याला बोलायला शिकवता येईल." मला त्यातलं चांगलं काही दिसेना. मी वज्रेश्वरीला गेले ती भांडायलाच. पण देवीसमोर उभी राहिले आणि माझं मलाच नवल वाटलं. बाळात काही उणं नसेल, असं तिनं कुठं कबूल केलं होतं? ते मीच ठरवून तिच्या नावावर खपवलं होतं. गृहीत धरलं आणि बघायचं सोडलं. विश्वास असता तर बघायला घाबरले नसते. आणि श्रद्धा? मनासारखं न होऊनही तिच्यापुढे उभं राहावंसं वाटलं, ती बहुधा श्रद्धा असावी. त्या दिवशी काहीही न मागता मी पोटभर रडले.

पुढे अंजूरला जाऊन त्या बाईचा शोध घेतला. ती सापडली नाही. सासूबाई म्हणायच्या, देवीच आली होती. मला माहीत नाही. बाईला तहान लागली होती, एवढं खरं.

मुलाला कानाचं यंत्र मिळालं. बोलणाऱ्याच्या गळ्याला हात लावून आवाज ओळखायला कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या बाईंनी शिकवलं. तो पाच वर्षांचा असताना एका संध्याकाळी मी दिव्यापुढे मनातल्या मनात प्रार्थना करत होते. तो मांडीत येऊन बसला, माझ्या गळ्यावर तळवा ठेवला, थोडं थांबला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आई, मोठ्यानं."

तेव्हापासून मी मोठ्यानंच प्रार्थना करते. देवीपर्यंत किती पोचते ते तिलाच ठाऊक. त्याच्यापर्यंत पोचते, आणि त्याबद्दल मी रोज तिचे आभार मानते.