मळीच्या वासाआडचा गॅस

"ताई, उगाच शोधताय. वास मळीचा हाय."

सणसरच्या पुढं पाणंदीला आमच्या गॅस कंपनीचं व्हॉल्व्ह स्टेशन आहे. तारेचं कुंपण, आत चेंबर आणि चहूबाजूंनी डोक्यावर गेलेला ऊस. त्या उसाचे मालक तात्या कुंपणाला टेकून मला समजावत होते. माझ्या हातातला डिटेक्टर मात्र ओरडत होता.

मी लीक सर्व्हे इंजिनिअर. पाइपलाइनवर चालायचं आणि गॅस कुठं गळतो ते शोधायचं. त्याआधी मी याच कंपनीच्या गेटवर पत्रकं वाटायचे. 'गॅस स्वच्छ म्हणता, मग गळतीचं काय?' हे वाक्य माझं. मुलाखतीत कदमसाहेबांनी तेच पत्रक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मग या, शोधा."

आमच्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो. त्याला वास नसतो. गळला तर कळावं म्हणून आम्ही त्यात मुद्दाम घाण वास मिसळतो. न जळता हवेत सुटलेला मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट उष्णता धरून ठेवतो. म्हणून कुठलीच गळती 'किरकोळ' नसते. पण भवानीनगरच्या साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की आसपासच्या हवेला मळीचा वास येतो आणि आमचा वास त्यात लपतो. लोक तक्रार करत नाहीत. केलीच, तर आमची कंट्रोल रूम सांगते, "कारखाना सुरू झालाय." गावाला सवय झाली, कंपनीची सोय झाली.

मी व्हॉल्व्हच्या दांड्यावर साबणाचं पाणी ओतलं. बुडबुडे आले, येतच राहिले.

तात्यांनी वाकून पाहिलं. "आयला. ही तर तुमचीच मळी."

चूल, बिडी, काही जवळ आणायचं नाही, असं आसपासच्या सगळ्यांना बजावलं आणि साहेबांना फोन लावला.

"व्हॉल्व्हमध्ये ग्रीस भरलंस?"

"भरलं. गळती कमी झाली, थांबली नाही. व्हॉल्व्ह बदलावा लागेल."

"उद्या सेक्शन व्हेंट करू आणि बदलू."

व्हेंट म्हणजे दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करून मधल्या पाइपातला सगळा गॅस आकाशात सोडायचा. गळती थांबवायला तिच्याहून मोठी गळती.

"साहेब, आपल्या अहवालाच्या कव्हरवर हिरवं पान आहे. आत लिहिलंय, व्हेंटिंग टाळू. की पान नुसतं शोभेला?"

"पत्रकात बोलू नकोस. कॉम्प्रेसरचा ट्रक आणला तर मधला गॅस ओढून पुढच्या पाइपात ढकलता येतो, मलाही ठाऊक आहे. तो उभा कुठं करशील? पाणंदीत? उसाच्या गाड्या अडवून? आज दुपारपर्यंत जागा दाखव, नाहीतर व्हेंट. गळका व्हॉल्व्ह मी ठेवणार नाही."

त्यांचं बरोबर होतं. म्हणून जास्तच राग आला.

जागा एकच होती, तात्यांच्या उसाचा कोपरा. तात्या म्हणाले, "तोडा की. पर टोळी कमलअक्काच्या फडात हाय. माझी पाळी तिच्या मागनं."

तोडणीची टोळी कारखाना लागवडीच्या तारखेप्रमाणं पाठवतो. पाळी मोडली म्हणून इथं माणसं वर्षानुवर्षं एकमेकांच्या दारात जात नाहीत. आम्ही दोघं बांध ओलांडून गेलो.

अक्का कमरेवर हात ठेवून उभी होती. "व्हय रं तात्या, पाळी मोडायला आता कंपनीची पोरगी आणलीस?"

"अक्का, गॅस गळतोय. चल, दाखवतो."

"मागल्या साली लगीन दाखवलंस, त्याच्या आदी मोटार जळलेली दाखवलीस."

मी मध्ये पडले. पृथ्वीचं तापमान, पाऊसमान, सगळं सुरू केलं. अक्कानं हात वर केला.

"पोरी, पृथ्वीचं मागनं. त्यो गॅस वर सोडणार म्हंजी जाणार कुठं?"

"हवेत."

"म्हंजी आपल्याच डोस्क्यावर."

"होय."

"आन् ह्यो कोपरा तोडला तर?"

"पाइपातच राहतो. तेवढाच कोपरा लागेल. बाकी पाळी तुमचीच."

अक्का मुकादमाकडं वळली. "कोयते घ्या आन् तात्याच्या कोपऱ्यात जावा. आन् तात्या, तिथलं वाढं माझ्या म्हशींना."

वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. जनावरांचा चारा.

"सगळं?" तात्या म्हणाले.

"मग काय पृथ्वीला देतूस?"

दुपारच्या आत मोकळ्या कोपऱ्याचा फोटो साहेबांना पाठवला. उत्तर आलं, 'ट्रक निघाला.'

दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेसर धडधडत राहिला आणि गेजचा काटा खाली येत गेला. शेवटी पाइपात थोडा गॅस उरला, तो सोडावाच लागला. पत्रकात मी 'शून्य' लिहिलं असतं. इथं नाही लिहीत. पण जो सगळाच्या सगळा आकाशात गेला असता, तो बहुतेक पाइपात राहिला. नव्या व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी ओतलं. एकही बुडबुडा नाही.

साहेबांनी कंट्रोल रूमला लेखी सांगितलं, गाळप हंगामात या पट्ट्यातली वासाची तक्रार फोनवर बंद करायची नाही. डिटेक्टर घेऊन माणूस पाठवायचा.

पुढच्या गाळपाला पहिला फोन तात्यांचा. "ताई, वास येतोय. तुमचा का मळीचा, कळंना."

मी गेले. डिटेक्टर गप्प. साबणाचं पाणीही गप्प.

"मळीचाच आहे, तात्या."

"मग तुमचा हेलपाटा फुकट गेला की."

"आलीच हायस तर वाढं उचलू लाग," बांधावरून अक्का म्हणाली.

मी दोन भारे उचलून दिले आणि तक्रारीपुढं लिहिलं, 'गळती नाही.' आमच्या खात्याचे असे हेलपाटे जेवढे फुकट जातील, तेवढं खातं कामाचं.